टोलर समजून घेताना: बदकांना भुरळ घालणाऱ्या तांबड्या कुत्र्याचा स्वभाव आणि त्याला सांभाळायची रीत

टोलर घरात आणायचा की नाही, हे ठरवण्याआधी एक पहाट समजून घ्यायला हवी. ऑक्टोबर सरत आलाय. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताचं नैर्ऋत्य टोक, यार्मथ परगण्याचा किनारा. पाण्यावरचं धुकं अजून उठलेलं नाही. बदकांचा थवा बंदुकीच्या टप्प्याबाहेर निवांत तरंगतोय. काठावरच्या झुडपांच्या आडोशाला शिकारी दबून बसलाय. तिथूनच तो एक काठी वाळूवर भिरकावतो. मध्यम उंचीचा, झुबकेदार शेपटीचा तांबडा कुत्रा टुणकन बाहेर येतो, काठी उचलतो आणि शेपूट घुसळत परत आडोशात गडप होतो. पुन्हा काठी, पुन्हा कुत्रा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. बदकांकडे तो ढुंकूनही बघत नाही. बदकं मात्र माना उंच करून त्याच्याच दिशेने पोहत येऊ लागतात.

यालाच टोलिंग म्हणतात. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ओढून आणणं, भुरळ घालणं. रस्त्यावर भरायच्या टोलशी या शब्दाचं नातं नाही. बदकं टप्प्यात आली की शिकारी कुत्र्याला हळूच आत बोलावतो, उभा राहतो, थवा उडतो, बार होतो. मग तोच कुत्रा गारठलेल्या पाण्यात उडी घेऊन पडलेली बदकं एकेक करून आणतो. पूर्ण नाव नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर. सगळे टोलरच म्हणतात.

मी हॅलिफॅक्सजवळ राहते आणि गेली सात वर्षं केशर नावाची टोलर माझ्या घरात आहे. इतक्या दिवसांत मला पटलेली गोष्ट एकच: या जातीची प्रत्येक खोड, प्रत्येक गुण त्या किनाऱ्यावरून आलेला आहे. लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हरचं काम बार झाल्यावर सुरू होतं, तोवर त्याने गप्प बसायचं असतं. टोलरचं काम बार होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि ते काम म्हणजे खेळ. खेळणं हीच त्याची नोकरी. हे ध्यानात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

पहिली पायरी: बदकं जवळ का येतात, ते बघा

अंगणात मांजर किंवा साप दिसला की साळुंक्या आणि बुलबुल काय करतात ते आठवा. उडून जायचं सोडून ते कलकलाट करत जवळ येतात, फांद्या बदलत त्याच्या मागे मागे फिरतात. दडून बसलेल्या शत्रूपेक्षा डोळ्यांसमोरचा शत्रू बरा, असा त्यांचा हिशेब. बदकांचंही तसंच आहे. काठावर खोकड दिसलं की ती त्याच्यावर नजर ठेवत त्याच्याकडे सरकतात. ते खोकड उड्या मारतंय, मध्येच नाहीसं होतंय, परत दिसतंय, असं झालं तर त्यांना राहवत नाही.

खोकड हा शब्द मुद्दाम वापरलाय. आपण सरसकट कोल्हा म्हणून मोकळे होतो, पण आपल्याकडचा कोल्हेकुई करणारा कोल्हा वेगळा. इथे बोलतोय ते तांबड्या खोकडाबद्दल, ज्याच्या लांब शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा असतो. आता टोलरकडे बघा: रंग तांबडा, शेपूट झुबकेदार, आणि बहुतेकांच्या शेपटीचं टोक पांढरं. माणसांनी खोकडाची युक्ती पाहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या तशाच दिसण्याचे कुत्रे निवडत नेले.

हे निरीक्षण जुनं आहे. निकोला देनी हा फ्रेंच व्यापारी आणि वसाहतीचा अधिकारी सतराव्या शतकात या किनाऱ्यांवर राहिला. १६७२ मध्ये छापून आलेल्या त्याच्या वर्णनात खोकडं काठावर बागडून बदकांना कशी जवळ आणतात हे आहे, आणि कुत्र्यांनाही तेच करायला शिकवलं जातं हेसुद्धा आहे. युरोपातही ही कल्पना होतीच. नेदरलँड्समधला कोइकरहोंड्ये हा छोटा पांढरा-तांबडा कुत्रा लव्हाळ्याच्या पडद्यांमधून आतबाहेर करत बदकांना जाळीने झाकलेल्या कालव्यात खेचून नेतो. तिथे शेवट जाळ्यात होतो, नोव्हा स्कोशियात बंदुकीने. म्हणून नोव्हा स्कोशियाच्या कुत्र्याला पाण्यातून शिकार आणण्याचं दुसरं कामही करावं लागलं आणि तो रिट्रीव्हर झाला.

दुसरी पायरी: घराण्याचा इतिहास वाचा, कारण दुखणीही त्यातूनच येतात

ही जात घडली ती यार्मथ परगण्यातल्या लिटल रिव्हर हार्बर या भागात, एकोणिसाव्या शतकात. त्या काळी लोक त्याला लिटल रिव्हर डक डॉग म्हणत, कुणी यार्मथ टोलर म्हणत. रक्त कुणाकुणाचं आहे याची वही कुणी ठेवलेली नाही. रिट्रीव्हर, स्पॅनियल, सेटर आणि शेतावरचे कोली, म्हणजे मेंढरं हाकणारे कुत्रे, यांची नावं नेहमी घेतली जातात. कोलीचं नाव मला मनापासून पटतं, कारण केशर मुलांना अंगणात हाकत एका कोपऱ्यात गोळा करते तेव्हा ती बदकांची कुत्री वाटतच नाही.

पुढची शंभरएक वर्षं हा कुत्रा त्या परिसराबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. हॅलिफॅक्सच्या सिरिल कोलवेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचं पद्धतशीर प्रजनन केलं, जातीचं मानक लिहून काढलं, आणि १९४५ मध्ये कॅनेडियन केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. पहिल्या नोंदणीत फक्त १५ कुत्रे होते. त्यानंतर बरीच वर्षं नोंदणी थंडावली. १९८० मध्ये दोन टोलरनी सर्व जातींच्या प्रदर्शनांत सर्वोत्तम कुत्र्याचा मान मिळवला तेव्हा लोकांनी वळून पाहिलं. १९९५ मध्ये तो नोव्हा स्कोशियाचा अधिकृत प्रांतीय कुत्रा झाला, २००३ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्याला शिकारी कुत्र्यांच्या गटात घेतलं. आज स्वीडनमध्ये ही जात चांगलीच रुजली आहे. तिथे टोलिंगच्या वेगळ्या परीक्षाही होतात.

यातला १५ हा आकडा विसरू नका. इतक्या थोड्या कुत्र्यांपासून वंश वाढतो तेव्हा गुण पक्के होतात आणि दोषही पक्के होतात. पिल्लू निवडायची वेळ आली की हा आकडा पुन्हा लागणार आहे.

तिसरी पायरी: दिसण्यावरून ओळखा

आजच्या सहा रिट्रीव्हर जातींत टोलर सगळ्यात लहान. कॅनडाच्या मानकानुसार नराची खांद्यापाशी उंची ४८ ते ५१ सेंटिमीटर आणि वजन २० ते २३ किलो, मादी ४५ ते ४८ सेंटिमीटर आणि १७ ते २० किलो. बांधा ठसठशीत, पायाच्या बोटांमध्ये पडदे, अंगावर दुहेरी केस: आत मऊ लोकर, वर पाणी न धरणारे मध्यम लांबीचे केस. रंग सोनेरी तांबड्यापासून गडद तांब्यापर्यंत. छातीवर, पंजांवर, कपाळावर किंवा शेपटीच्या टोकाला बहुधा पांढरा ठिपका असतो. नाक काळं किंवा अंगाच्या रंगाशी मिळतं गुलाबीसर तपकिरी. केशरचं नाक तसं आहे, आणि रस्त्यात दर दुसरा माणूस तिला गोल्डनचं पिल्लू समजतो.

चेहऱ्याबद्दल एक सुंदर गोष्ट खुद्द मानकात लिहिलेली आहे. काम सुरू होईपर्यंत पुष्कळ टोलर किंचित उदास दिसतात, आणि कामाला लागले की तोच चेहरा एकाग्रतेने आणि आनंदाने उजळतो. पिल्लाच्या चेहऱ्यावरची उदासी बघून घाबरू नका. खिशातून चेंडू काढा आणि मग बघा.

चौथी पायरी: स्वभाव किनाऱ्याच्या भाषेत वाचा

इथे जरा थांबून वाचा, कारण टोलर घेऊन पस्तावलेले लोक बहुतेक याच ठिकाणी चुकलेले असतात.

पहिली गोष्ट, दमणं. टोलिंग करणाऱ्या कुत्र्याने पन्नासाव्या काठीमागेही पहिल्या काठीच्या उत्साहाने धावायचं असतं. तो कंटाळला तर बदकं पाठ फिरवतात. म्हणून कंटाळा येणारे कुत्रे वंशात टिकलेच नाहीत. त्याचा अर्थ तुमच्या घरात असा होतो, की तुम्ही चेंडू टाकत राहाल तोवर टोलर आणत राहील, आणि आपण थकलो हे त्याला स्वतःला कळणार नाही. ते तुम्हाला कळायला हवं.

दुसरी गोष्ट, गप्प बसणं. दोन फेकींच्या मध्ये त्याला आडोशात निश्चल राहावं लागे. म्हणजे जातिवंत टोलरमध्ये वेग आणि स्थिरता दोन्ही असतात. पण वेग जन्मतः मिळतो, स्थिरता शिकवावी लागते. न शिकवलेला टोलर दिवसभर घरात येरझाऱ्या घालतो, आणि मग मालक म्हणतात की कुत्रा अतिचंचल आहे. शिकवलेला टोलर बाहेर विजेसारखा असतो आणि घरात पायाशी मुटकुळं करून झोपतो.

तिसरी गोष्ट, परक्यांशी वागणं. गोल्डन सगळ्या जगाचा मित्र असतो. टोलर तसा नाही. तो आक्रमक नाही, पण अनोळखी माणसाला दुरून जोखतो, आणि ज्याने त्याने येऊन डोक्यावर हात फिरवलेला त्याला आवडत नाही. आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हा केशर तीन दिवस तिच्यापासून चार हात लांब राहिली. आईला वाईट वाटलं, "बये, मी काय तुला खाते का?" म्हणून ती रोज विनवायची. चौथ्या दिवशी आई जमिनीवर बसून मटार सोलत होती, एक शेंग हातातून निसटून घरंगळत गेली. केशर उठली, शेंग अलगद तोंडात धरून आणली आणि आईच्या मांडीवर ठेवली. शेंग फुटलीसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते कायमचं. टोलरशी ओळख करून घ्यायची असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. खाली बसा, दुसरीकडे बघा आणि त्याच्यासाठी काहीतरी काम तयार ठेवा.

तोंड मऊ असणं हाही किनाऱ्यावरचाच वारसा. बदक फाटून आलं तर त्याचा उपयोग काय?

चौथी गोष्ट म्हणजे किंकाळी. हिच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही आणि पहिल्यांदा ऐकली की माणूस हादरतो. उत्साह अनावर झाला की टोलर भुंकत नाही, किंचाळतो. उंच, चिरका, लांबलेला आवाज, कुणीतरी कुत्र्याला मारतंय असं वाटावं असा. गाडी तळ्याच्या वळणावर आली, खार दिसली, दुसरा कुत्रा चेंडूमागे धावला, एवढं पुरतं. सगळेच टोलर किंचाळत नाहीत, पण पुष्कळ किंचाळतात. पातळ भिंतींच्या इमारतीत राहत असाल तर निर्णय घेण्याआधी एखाद्या टोलरची किंकाळी प्रत्यक्ष ऐका.

पाचवी गोष्ट, बुद्धी. टोलर पटकन शिकतो आणि तितक्याच पटकन पळवाटही शोधतो. तेच ते काम विनाकारण दहा वेळा करायला लावलं, तर अकराव्या वेळी तो तुमच्याकडे त्या उदास चेहऱ्याने बघतो आणि जागचा हलत नाही. आवाज चढवला तर मिटून जातो. मारझोड तर अजिबात नको. एकदा तुटलेला विश्वास परत जुळायला महिने जातात. याच्याशी वागताना कडक मास्तर होऊन चालत नाही, खेळगडी होऊन नियम पाळून घ्यावे लागतात.

पाचवी पायरी: आता स्वतःचं घर तपासा

एक आठवडा कुत्रा नसतानाच कुत्रा असल्यासारखं जगून बघा. रोज तासभर तरी, पाऊस असो, बर्फ असो, वेळ काढून बाहेर जा. त्याशिवाय पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा, फक्त शिकवणीसाठी. हे आठवडाभर जमलं नाही तर बारा ते चौदा वर्षं जमणार नाही, आणि टोलर साधारण तेवढं जगतो. घरातली सगळी माणसं दिवसाचे नऊ-दहा तास बाहेर असतील तर ही जात घेऊ नका. रिकामा टोलर स्वतःसाठी काम शोधतो, आणि ते काम तुमच्या सोफ्यावर किंवा कुंपणाखालच्या मातीत चालू होतं.

भारतातून मला नातेवाइकांचे फोन येतात, फोटो बघून त्यांनाही असाच कुत्रा हवा असतो. माझं उत्तर नेहमी नाही असंच असतं. दुहेरी केसांचा, थंड पाण्याच्या किनाऱ्यावर घडलेला कुत्रा मुंबईच्या दमटपणात किंवा विदर्भाच्या मे महिन्यात सुखी राहत नाही. एसीच्या खोलीत तो जगेल, पण ज्या धावण्यासाठी तो जन्मला ते धावणं त्याला पहाटेचा एखादा तास सोडून मिळणार नाही. त्याचं मूळ कामही तिथे नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांची शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात, ब्रिटनमध्ये किंवा स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांसाठी मात्र हा विचार करण्यासारखा कुत्रा आहे, शिकार न करणाऱ्यांसाठीसुद्धा. आमच्या घरात बंदूक नाही. अजिलिटी म्हणजे अडथळ्यांची शर्यत, वासावरून शोध घेणं, पाण्यातून डमी म्हणजे शिकारीऐवजी फेकायची नकली वस्तू आणणं, यावर केशर समाधानी आहे.

सहावी पायरी: ब्रीडरला गाठा आणि न लाजता विचारा

पिल्लू लगेच मिळणार नाही. चांगल्या ब्रीडरकडे, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडे, वर्षाकाठी एखादी वीण असते आणि यादीत नाव लावून थांबावं लागतं. "उद्याच घेऊन जा" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. कॅनडात शुद्ध जातीचा म्हणून कुत्रा विकला तर नोंदणीची कागदपत्रं देणं कायद्याने विक्रेत्यावर बंधनकारक आहे, त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. कागदांसाठी जास्त पैसे मागितले की तिथून उठा.

आता तो १५ चा आकडा. टोलरमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार इतर जातींपेक्षा जास्त दिसतात. एकात मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सूज येते: तरुण कुत्र्याला ताप, मान आखडणं, वाडग्यापर्यंत डोकं खाली नेता न येणं. दुसऱ्यात एकापेक्षा जास्त सांधे दुखतात आणि झोपून उठल्यावर कुत्रा लाकडासारखा चालतो. तिसरा ॲडिसनचा आजार, ज्यात मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी पुरेसे हार्मोन बनवत नाहीत; उलट्या, गळाठा, मध्येच बरं वाटणं, परत गळाठा. वेळेवर ओळखले तर औषधांनी हे आटोक्यात ठेवता येतात, पण पहिल्या दोन आजारांत एका डीएनए चाचणीने हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळत नाही. म्हणून फक्त आईबापांचे अहवाल बघून थांबू नका. "या पिल्लांच्या मावश्या, काका, आधीच्या विणीतली भावंडं, यांच्यापैकी कुणाला असं काही झालंय का?" हा प्रश्न विचारा. प्रामाणिक ब्रीडर नावानिशी सांगतो. "आमच्याकडे कधीच काही झालं नाही" हे उत्तर या जातीत मला तरी खरं वाटत नाही.

अहवाल मागायचे ते असे: आईबाप दोघांच्या नितंबाच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी, पशुनेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांची अलीकडची तपासणी, आणि डीएनए चाचण्या. डीएनएमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा आजार, कोली जातींत आढळणारा डोळ्यांचा दोष आणि पिल्लांमध्ये लवकर दिसणारा ॲडिसन हे तरी हवेतच. दोष वाहणारा एक पालक असला म्हणून वीण वाईट ठरत नाही. दुसरा पालक त्या दोषापासून पूर्ण मुक्त असला की पिल्लांना आजार होत नाही. उलट, असे वाहक सगळेच बाजूला काढले तर आधीच लहान असलेला वंश आणखी लहान होईल.

शेवटी पिल्लांची आई भेटायला मागा. तिने लगेच तुमच्या अंगावर उड्या माराव्यात अशी अपेक्षा नको. दोन-पाच मिनिटं लांबून बघून मग कुतूहलाने जवळ आली तर उत्तम. कोपऱ्यात थरथरत राहिली किंवा गुरगुरत राहिली तर परत जा, पिल्लं कितीही गोंडस असली तरी. चांगला ब्रीडर तुम्हालाही उलट प्रश्न विचारेल आणि पिल्लू कोणतं द्यायचं हे बहुधा तोच ठरवेल. आम्हाला सगळ्यात चपळ पिल्लू हवं होतं, त्याने आमचं घर आणि लहान मुलं बघून मधल्या स्वभावाचं दिलं. आज मी त्याचे आभार मानते.

सातवी पायरी: पहिल्या वर्षाची शिकवण

घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, हे आधी ठरवा. आम्ही मराठीतच शिकवलं: बस, थांब, आण, ये. सुरुवातीला चेंडू सोडायला लावण्यासाठी "दे" म्हणायचो, पण "ये" आणि "दे" कुत्र्याच्या कानाला जवळजवळ सारखेच. केशर चेंडू तोंडात घेऊन गोंधळून उभी राहायची. "दे" बदलून "सोड" केलं आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. मराठी शब्दांचा फायदा असा, की बागेत दुसऱ्या कुणाचं "सिट" किंवा "कम" ऐकून तुमचा कुत्रा फसत नाही.

पिल्लू पायमोजा किंवा चप्पल घेऊन पळालं तर मागे धावू नका. टोलरसाठी पाठलाग म्हणजे जगातला सर्वोत्तम खेळ. एकदा धावलात की तो रोज चप्पल पळवणार. तुम्हीच उलट दिशेने पळा, खाली बसा, जवळ आलं की खाऊ दाखवून "सोड" म्हणा, आणि वस्तू घेतल्यावर शक्य असेल तर तीच परत द्या. आणून दिलेली वस्तू कायमची जात नाही, एवढं त्याला कळलं की तो आयुष्यभर आणत राहतो.

आता स्थिरता. पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की असं करा. त्याला शेजारी बसवा, पट्ट्यात दोन बोटं अडकवा, डमी जवळच टाका. ते धडपडेल; तुम्ही बोलू नका, ओढू नका. अंग सैल पडलं, तुमच्याकडे एक नजर टाकली, की त्याच क्षणी "आण" म्हणून सोडा. म्हणजे जाण्याची किल्ली धडपडीत नाही, शांत राहण्यात आहे हे त्याला समजतं. एका बैठकीत असे चार-पाच वेळाच. हळूहळू थांबण्याचा वेळ वाढवा, मग काही फेकी तुम्ही स्वतःच चालत जाऊन उचला आणि त्याने नुसतं बघायचं. हा भाग त्याला सगळ्यात अवघड जातो, आणि किंकाळीवरचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला इलाजही हाच. किंचाळला की खेळ गोठतो, गप्प झाला की सुरू होतो. तुम्ही ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही सामील झालात.

प्लॅस्टिकच्या दांडीने शंभर वेळा चेंडू भिरकावणारे मालक बघितले की माझा जीव कळवळतो. त्याने कुत्र्याचे स्नायू वाढतात, सांधे झिजतात आणि डोकं मात्र रिकामं राहून चेंडूचं व्यसन लागतं. त्यापेक्षा डमी गवतात लपवा आणि नाकाने शोधायला लावा. थोड्या वेळाचा शोधही त्याला चांगला दमवतो.

पाण्याची ओळख उन्हाळ्यात, उथळ उतारावर, पाण्यात जाणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या सोबतीने करून द्या. उचलून पाण्यात टाकू नका. आमच्या ओळखीत एकाने तसं केलं. त्या टोलरने पुढे दोन वर्षं पाण्यात पाय घातला नाही.

आणि लोक. पहिल्या चार महिन्यांत जितकी वेगवेगळी माणसं, आवाज, जमिनी दाखवता येतील तितक्या दाखवा, पण हात लावायला सगळ्यांना देऊ नका. आमच्याकडे गणपतीला तीस-चाळीस माणसं येतात. पहिल्या वर्षी केशर वरच्या खोलीत तिच्या क्रेटमध्ये होती, दुसऱ्या वर्षी जिन्यावर बसून बघत होती, तिसऱ्या वर्षी आरतीला माझ्या पायाशी होती. घाई केली असती तर ती अजून वरच असती.

आठवी पायरी: रोजची निगा

केसांचं फार काम नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा ब्रश, कानामागे आणि मांड्यांच्या झुलीत गाठी होतात तिथे कंगवा. वसंतात आणि शरदात केस भरपूर गळतात. केस भादरू नका, तेच त्याला पाण्यापासून आणि उन्हापासून वाचवतात. समुद्रात पोहून आला की गोड्या पाण्याने धुवा, कान कोरडे करा.

नोव्हा स्कोशियात गोचीड ही गंभीर बाब आहे. लाइमचा आजार इथे खूप आहे. फिरून आल्यावर काखा, मान, बोटांच्या फटी बोटांनी चाचपा आणि पशुवैद्याने दिलेलं औषध चुकवू नका. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यावर निळसर हिरवी साय आलेली दिसली तर कुत्र्याला त्या पाण्यात सोडू नका, ती साय विषारी असू शकते आणि काही तासांत जीव घेऊ शकते.

मराठी स्वयंपाकघरासाठी एक सूचना. कांदा, लसूण, बेदाणे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला चालत नाहीत. म्हणजे फोडणीची आमटी नाही, बेदाणे घातलेला शिरा नाही. फोडणीआधी काढलेला साधा वरणभात, उकडलेलं गाजर, ताकाचा घोट यावर केशर खूश असते. आजी-आजोबांना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा, कारण टेबलाखालून जाणारा घास त्यांच्याच हातचा असतो.

मान आखडली, झोपून उठताना कण्हला, दोन दिवस चेंडूकडे बघितलं नाही, तर वाट बघू नका. बाकी कुत्रा एखाद्या दिवशी आळसावला तर ठीक असतं. टोलरने चेंडू नाकारला म्हणजे काहीतरी दुखतंय असं धरून चाला आणि पशुवैद्याला जात सांगून टोलरमधल्या आजारांची आठवण करून द्या. सगळ्यांना ही जात ठाऊक असतेच असं नाही.

दिवसाचा शेवट ठरलेला ठेवा. संध्याकाळी आम्ही शेवटची डमी लांब लपवतो. केशर ती शोधून आणते, दाराजवळच्या टोपलीत स्वतः टाकते, मी "झालं" म्हणते. हा शब्द आम्ही दुसऱ्या कशासाठीच वापरत नाही. तो ऐकला की ती पाणी पिते, सतरंजीवर दोन गोल फेऱ्या मारते आणि नाकावर शेपटीचा पांढरा गोंडा ओढून झोपते.